बीटी, हायब्रीड आणि गावरान : जनुकीय पिके आणि अन्नाचा प्रश्न

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• गावरान, सुधारित, संकरित आणि जनुकीय परिवर्तित या संज्ञांतील भेद स्पष्ट करता येईल.
• जनुकीय पिके आणि माणसाचे अन्न यांचा संबंध हिंगोली जिल्ह्याच्या उदाहरणाने सांगता येईल.
• वादग्रस्त वैज्ञानिक विषयावरील मराठी मजकूर चिकित्सकपणे वाचता येईल व तशा विषयावर स्वतः नेमके लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘जनुकीय पिके जगाची भूक भागवतील’ आणि ‘जनुकीय पिके म्हणजे विष’ ही दोन विधाने तुम्ही कधी ना कधी वाचली किंवा ऐकली असतील. दोन्ही परस्परविरोधी आहेत. पण त्यांचा दोष एकच आहे. ‘जनुकीय पिके’ हे अनेकवचनी कर्तृपद दोन्ही विधानांनी एकजिनसी मानले आहे. ‘औषधे चांगली असतात’ या वाक्यातून कोणते औषध, कोणत्या रोगावर, किती मात्रेत हे काहीच कळत नाही, तशीच येथील स्थिती आहे.

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर तुमच्या घरातच आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत सोयाबीन, कापूस, तूर, हळद आणि ज्वारी यांच्यावर बहुसंख्य कुटुंबांचा प्रपंच चालतो. बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर, कृषी खात्याचे पत्रक किंवा वर्तमानपत्रातील बातमी घरात वाचून दाखवण्याचे काम पुष्कळदा शिकलेल्या मुलामुलींकडेच येते. तो मजकूर आपल्याला नीट कळला नाही, तर त्याची किंमत शेताला मोजावी लागते. ती कशी, हे या घटकात पुढे येईल.

२. बियाण्याची चार नावे

आपल्या भागातील बोलीत बियाण्यासाठी चार शब्द रूढ आहेत : गावरान, सुधारित, हायब्रीड आणि बीटी. हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वास्तविक त्यांच्यामागे चार निरनिराळ्या प्रक्रिया आहेत.

‘गावरान’ म्हणजे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जपलेले स्थानिक वाण. ‘सुधारित वाण’ म्हणजे संशोधन केंद्राने निवड व पैदास करून स्थिर केलेले सरळ वाण. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘एमएयूएस-७१’ हे सोयाबीन किंवा बदनापूर केंद्राची ‘बीडीएन-७११’ ही तूर ही त्याची परिचित उदाहरणे होत. अशा वाणाचे बी घरी राखून पुढील वर्षी पेरता येते. ‘संकरित’ अथवा हायब्रीड म्हणजे दोन भिन्न पालक वाणांच्या संकरातून मिळालेली पहिली पिढी. ती जोमदार असते. परंतु तिचे बी पुन्हा पेरल्यास तो जोम व एकसारखेपणा टिकत नाही, म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. ‘बीटी’ मात्र पैदाशीचा प्रकार नसून पिकात बाहेरून आणलेल्या एका विशिष्ट गुणाचे नाव आहे.

अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासासाठी हे शब्द उद्बोधक आहेत. १९६४ साली ‘सीएसएच-१’ ही पहिली संकरित ज्वारी आली. तिच्या आणि नंतरच्या संकरित वाणांमुळे उतारा वाढला. पण पावसात सापडले की कणीस काळे पडे आणि भाकरीला जुन्या ज्वारीची चव नसे. त्यातून ‘हायब्रीड’ हा शब्द ‘दिसायला भरीव, पण आत कस नसलेला’ अशा अर्थाने माणसांनाही लागू झाला. हे अर्थापकर्षाचे चांगले उदाहरण होय. ‘बीटी’चा प्रवास वेगळा आहे. मुळात ते एका जिवाणूच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे. आता आपण ‘यंदा बीटी लावली’ म्हणतो तेव्हा लक्षणेने कपाशीच अभिप्रेत असते, आणि क्रियापदही कपाशीचे स्त्रीलिंग घेते.

छापील मराठीतील संज्ञाही तपासून घ्याव्यात. ‘जनुकीय सुधारित’ या संज्ञेत ‘सुधारित’ हे विशेषण निर्णय आधीच देऊन टाकते, शिवाय ‘सुधारित वाण’ या रूढ संज्ञेशी घोटाळा करते. ‘जनुकीय परावर्तित’ हा वृत्तपत्रांत आढळणारा शब्द तर चुकीचाच आहे, कारण परावर्तन म्हणजे आरशावरून प्रकाश मागे फिरणे. ‘जनुकीय परिवर्तित’ ही संज्ञा बदल सांगते, पण तो बरा की वाईट हे सांगत नाही. म्हणून या घटकात आपण तीच वापरू.

३. पेशीत नेमके काय बदलते?

जनुक म्हणजे पेशीने कोणते प्रथिन तयार करावे याची रासायनिक सूचना. संकर करताना एकाच किंवा निकटच्या जातीतील दोन वनस्पतींच्या हजारो सूचना एकत्र मिसळतात. जनुक अभियांत्रिकीत एखादीच निवडक सूचना पिकाच्या पेशीत बसवली जाते, आणि ती पूर्णपणे वेगळ्या सजीवाकडूनही घेता येते.

‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हा मातीत आढळणारा जिवाणू आहे. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतावरून १९११ मध्ये त्याला हे नाव मिळाले. तो जे प्रथिन बनवतो, ते काही अळ्यांच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, आतड्याच्या अस्तराला चिकटून त्याला छिद्रे पाडते आणि अळी मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते व आपल्या आतड्यात हे प्रथिन चिकटण्याच्या जागा नसतात. या प्रथिनाची सूचना कपाशीत बसवली की झाड स्वतःच ते तयार करू लागते.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, बीटी जनुक उत्पादन वाढवत नाही. अळीमुळे होणारे नुकसान कमी करते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर किंवा पावसाच्या खंडावर त्याचा उपाय नाही. दुसरी, भारतात बीटी जनुक प्रामुख्याने संकरित कपाशीतून आले. ‘बीटीमुळे दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते’ ही तक्रार त्यामुळे अर्धवट खरी आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड-४४’ हे बीटीपूर्व काळात मराठवाड्यात लोकप्रिय झालेले वाणही संकरितच होते आणि त्याचे बियाणेही दरवर्षी घ्यावे लागे. दोष कोणत्या शब्दाच्या पदरात घालायचा, हे ठरवण्यापूर्वी प्रक्रिया समजून घ्यावी लागते.

४. हिंगोलीच्या ताटात काय आहे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. जनुकीय परिवर्तित पिके माणसाला जेवू घालतात का? आपल्या जिल्ह्यातील एक साधे ताट डोळ्यांपुढे आणा : ज्वारीची भाकरी किंवा पोळी, तुरीचे वरण, भाजी, भात आणि दूध.

भारतात लागवडीसाठी परवानगी मिळून शेतकऱ्यांच्या शेतावर सर्वदूर पोचलेले जनुकीय परिवर्तित पीक एकच आहे : कापूस. २६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना मान्यता मिळाली. ती ‘महिको’ या जालन्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची होती. म्हणजे या इतिहासाचे एक टोक मराठवाड्यातच आहे. आपली ज्वारी, तूर, हळद आणि रेशनवर मिळणारा गहू-तांदूळ यांपैकी काहीही जनुकीय परिवर्तित नाही. आपल्या शिवारातले सोयाबीनही नाही. अनेक विद्यार्थ्यांना याचे आश्चर्य वाटते, कारण सोयाबीन ‘बाहेरून आलेले’ म्हणून ते तसेच असणार, असा समज आहे.

तथापि ताट पूर्णपणे वेगळेही नाही. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. त्यातील सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझीलमधून येते, आणि तेथील जवळजवळ सर्व सोयाबीन जनुकीय परिवर्तित असते. आपल्याच बीटी कपाशीच्या सरकीचे तेल खाद्यतेल म्हणून वापरले जाते. सरकी पेंड दुभत्या म्हशीपुढे जाते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, आणि पेंडीतील प्रथिन जनावराच्या पोटात इतर प्रथिनांप्रमाणे पचते. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही येथे नेमकी वाचली पाहिजे : सध्या आंतरराष्ट्रीय बाजारात असलेले असे पदार्थ सुरक्षितता-तपासणीतून गेलेले असून त्यांच्यापासून आरोग्याला धोका संभवत नाही, मात्र सर्व जनुकीय पदार्थांविषयी सरसकट विधान करता येत नाही, प्रत्येकाचे मूल्यमापन वेगळे करावे लागते.

जगाचे चित्रही असेच आहे. या पिकांखालील बहुतांश क्षेत्र सोयाबीन, मका, कापूस आणि कॅनोला या चार पिकांचे असून त्यांत प्रामुख्याने दोनच गुण बसवलेले आहेत : कीडप्रतिकार आणि तणनाशक-सहनशीलता. त्यांतील मोठा वाटा पशुखाद्य, तेल, धागा आणि इंधन यांकडे जातो. म्हणून ‘ही पिके भूक भागवतात’ असे लिहिणाऱ्याने ती कोणत्या मार्गाने भागवतात हे सांगितले पाहिजे. आपल्या भागात तो मार्ग थेट ताटाचा नसून बाजाराचा व मिळकतीचा आहे.

स्वयंमूल्यमापन : तुमच्या घरातील स्वयंपाकाच्या तेलाच्या पिशवीवरील मजकूर वाचा. त्यात कोणते तेल आहे, ते कोठून आले आणि कोणत्या भाषेत ही माहिती दिली आहे, याची नोंद करा.

५. न वाचलेली पिशवी

बीटी कपाशी आली तेव्हा हिरवी (अमेरिकन) बोंडअळी हा मोठा शत्रू होता आणि तिच्यावर या वाणांचा परिणाम स्पष्ट दिसला. देशाची कापसाची उत्पादकता २००१-०२ मध्ये हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई होती. २००७-०८ मध्ये ती साडेपाचशेच्या आसपास गेली. पुढे मात्र ती साडेचारशे ते पाचशेच्या दरम्यान घुटमळत राहिली. या वाढीत बीटीचा वाटा किती आणि खते, सिंचन, नवी कीटकनाशके यांचा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

दरम्यान शेंदरी (गुलाबी) बोंडअळीने बीटी प्रथिन पचवण्याची क्षमता मिळवली. पहिल्या पिढीच्या बीटीविरुद्ध तिची प्रतिकारशक्ती गुजरातेत आढळली. नंतर २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या ‘बोलगार्ड-२’लाही ती दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना तिचा मोठा फटका बसला. डोमकळ्या दिसल्या, बोंडे वरून चांगली आणि आत किडकी निघाली.

हे टाळण्यासाठी एक उपाय सुरुवातीपासून ठरलेला होता. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या, बिगर-बीटी बियाण्याची छोटी पिशवी दिली जात असे. ते बी शेताच्या कडेने लावायचे होते. त्या झाडांवर बीटीची सवय नसलेल्या अळ्या वाढतात. त्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी मीलन करतात आणि प्रतिकारक्षम संततीचे प्रमाण मर्यादित राहते. म्हणजे काही झाडे अळीला देऊन उरलेले शेत राखायचे.

असंख्य शेतकऱ्यांनी ती पिशवी फेकून दिली. आमच्या घरीही एका पावसाळ्यात वडिलांनी ती माझ्या हातात देऊन म्हटले होते, “हे काय लिहिलंय, बघ बरं.” बारीक इंग्रजी अक्षरांत सूचना होती, बियाणे विकणाऱ्याने तिला ‘रेफ्युजी’ म्हटले होते. भाषाविज्ञानाची पदवी असूनही निर्वासितांचा आणि कपाशीचा संबंध मला सांगता आला नाही. पिशवी कोनाड्यात राहिली. ‘अळीसाठी राखलेल्या ओळी’ एवढे तीन शब्द त्या पिशवीवर ठळक छापलेले असते, तर कदाचित वडिलांनी त्या लावल्या असत्या.

शेंदरी बोंडअळीचे संकट केवळ भाषेमुळे आले, असे म्हणणे अतिशयोक्त होईल. फरदड घेऊन पीक महिनोन्‌महिने शेतात उभे ठेवणे, अनेक वाणांचे निरनिराळे फुलोऱ्याचे काळ, आणि जागा वाया जाते ही स्वाभाविक भावना ही कारणेही होतीच. परंतु ज्या तंत्राचे यश शेतकऱ्याच्या कृतीवर अवलंबून आहे, ते तंत्र त्याच्या भाषेत पोचवणे हा तंत्राचाच भाग असतो, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते.

६. भूक : उत्पादनाची की मिळकतीची?

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे विश्लेषण करून दाखवले, की माणसे उपाशी मरतात ती केवळ धान्य नसल्यामुळे नव्हे. ते मिळवण्याची ऐपत व हक्क नसल्यामुळे. मराठवाड्याला हे १९७२ च्या दुष्काळाने शिकवले. त्या वेळी जुन्या पिढीला तगवले ते खडी फोडण्याच्या व तलावाच्या कामांवरील मजुरीने, सुकडीने आणि मिलो ज्वारीने. त्याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत झाला.

या दृष्टीने पाहिले तर कापसासारखे अखाद्य पीकही भुकेशी जोडलेले असते. मतीन कैम आणि शाहजाद कौसर यांच्या २०१३ मधील अभ्यासात, महाराष्ट्रासह चार राज्यांतील कापूस उत्पादक कुटुंबांत बीटीमुळे अन्न-असुरक्षितता १५ ते २० टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष आहे. मिळकत वाढली, म्हणून आहार सुधारला. उलट केशव क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांचा आढावा घेऊन म्हटले, की उत्पादकतेतील वाढीचे श्रेय प्रामुख्याने बीटीला देता येत नाही, आणि शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटीपूर्व काळापेक्षा अधिक खर्च करतात. पहिल्या अभ्यासाची माहिती २००२ ते २००८ या काळातील आहे, दुसऱ्याची त्यापुढील दशकापर्यंतची. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचल्यास ते परस्परांना खोडतातच असे नाही. पहिल्या वर्षांतील लाभ टिकवता आला नाही, असाही त्यांचा अर्थ होऊ शकतो.

भुकेच्या हिशेबात आणखी एक व्यक्ती मोजावी लागते, आणि ती म्हणजे खुरपणीला जाणारी बाई. तणनाशक-सहनशील कपाशीला भारतात मान्यता नाही. तरी ती चोरून पेरली जाते आणि बोलीत तिला ‘चोर बीटी’ म्हणतात. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर येथे ती जाहीरपणे पेरून कायदेभंग केला. मजूर मिळत नाहीत, खुरपणीचा खर्च परवडत नाही, ही शेतकऱ्याची बाजू खरी आहे. पण तोच खर्च भूमिहीन स्त्रीची मजुरी असते. एकाच तंत्राने एका घरातील खर्च वाचतो आणि दुसऱ्या घरातील मिळकत घटते. ‘शेतकऱ्याचा फायदा’ हा शब्दप्रयोग वाचताना कोणत्या घराचा, हे विचारण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

७. थेट अन्नासाठीची पिके

थेट खाण्याच्या पिकांची वाट भारतात अडखळतच गेली आहे. बीटी वांग्याला तांत्रिक समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी निर्णय स्थगित ठेवला. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या ‘डीएमएच-११’ मोहरीला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. २०२४ मध्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी भिन्न निकाल दिले. अ-जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असलेल्या ‘सोनेरी तांदळा’चे संशोधन २००० मध्ये प्रसिद्ध झाले, फिलिपाइन्सने त्याला २०२१ मध्ये परवानगी दिली आणि २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने ती रोखली.

मे २०२५ मध्ये भारताने ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ ही भाताची दोन जनुक-संपादित वाणे जाहीर केली. येथे पुन्हा शब्द जपून वापरावा लागेल. जनुक-संपादनात भाताच्या स्वतःच्याच सूचनेत लहानसा बदल केलेला असतो. दुसऱ्या सजीवाचे जनुक त्यात शेवटी राहत नाही. त्याला ‘बीटी तांदूळ’ म्हणणे चूक होय.

आणि एक उदाहरण आपल्या शेजारचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण दिले. त्यात लोह व जस्त यांचे प्रमाण नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे. हे वाण जनुक अभियांत्रिकीने नव्हे, तर पारंपरिक पैदाशीने तयार झाले आहे. रक्तक्षयासारख्या प्रश्नावर उपाय शोधताना जनुक बाहेरून आणावेच लागते असे नाही. पण जेथे त्या पिकाच्या जातीत हवा तो गुणच सापडत नाही, तेथे पारंपरिक पैदास थांबते, हेही तितकेच खरे.

सारांश

‘जनुकीय पिके’ हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यांचे मूल्यमापन करताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत : पीक कोणते? त्यात गुण कोणता बसवला आहे? तो गुण टिकवण्यासाठी शेतकऱ्याने काय करायचे आहे आणि ते त्याला त्याच्या भाषेत सांगितले आहे का? आणि त्यातून कोणाच्या ताटात भर पडते, कोणाच्या ताटातून घट होते? हिंगोली जिल्ह्यात या पिकांनी आजवर थेट अन्न फारसे दिलेले नाही. मिळकतीच्या वाटेने काही दिले, आणि प्रतिकारक्षम अळीच्या वाटेने काही परत घेतले. पुढे येणारे प्रत्येक वाण याच चार प्रश्नांनी तपासावे लागेल, आणि ते प्रश्न मराठीत विचारता येतील अशी माणसे गावोगाव लागतील. त्या कामासाठी तुमची तयारी व्हावी, हा या घटकाचा हेतू आहे.

स्वाध्याय

१. ‘सुधारित’, ‘संकरित’ आणि ‘जनुकीय परिवर्तित’ यांतील भेद प्रत्येकी एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘हायब्रीड’ आणि ‘बीटी’ या शब्दांच्या अर्थपरिवर्तनाची चर्चा करा.
३. ‘कापूस हे अखाद्य पीक असूनही ते भुकेच्या प्रश्नाशी निगडित आहे.’ या विधानाची दोन्ही बाजूंनी चिकित्सा करा.
४. क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावातील तीन शेतकरी आणि खुरपणीला जाणाऱ्या दोन स्त्रिया यांच्याशी बोलून बियाण्यांसाठी वापरले जाणारे बोलीतील शब्द त्यांच्या अर्थासह नोंदवा.
५. कोणत्याही एका बियाण्याच्या पाकिटावरील सूचना तुमच्या आईवडिलांना एका वाचनात समजेल अशा मराठीत १०० शब्दांत लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी विचारलेल्या शंकांनुसार दुरुस्त करा.